वाचकांचे प्रश्न: पाण्याकाठी साडेचारशे वर्षं उभं असलेलं लाकडी घर

गेल्या महिन्यात या सदरात एक फोटो दिला होता. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरातलं मेझों दे तानर, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचं घर, १५७२ सालचं. पांढऱ्या भिंती, त्यावर गडद लाकडाच्या उभ्या-आडव्या-तिरक्या पट्ट्या, डोक्यावर केवढं तरी मोठं उतरतं छप्पर आणि पायाशी लगेच कॅनॉलचं पाणी. फोटोखाली मी एकच ओळ लिहिली होती की हे घर बघताना मला आमचा भोरचा वाडा आठवला. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय, आणि सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मुलगी श्टुटगार्टला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा ट्रेनने स्ट्रासबुर्गला जाऊन आलो. हे घर आम्ही पाहिलं, समोर उभं राहून फोटोही काढले. पण ते लाकडाचे क्रॉस नुसते शोभेचे असतात की त्यांचं काही काम असतं? गाइड म्हणाला प्रत्येक आकाराला अर्थ आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: काका, काम आहे आणि आधी कामच आहे, शोभा नंतर आली. तुम्हाला दिसली ती भिंत नाहीच खरं तर, तो घराचा सांगाडा आहे. सगळं वजन, म्हणजे छप्पर, मजले, माणसं, सामान, हे त्या ओकच्या लाकडावर आहे आणि मधला पांढरा भाग फक्त भरलेला आहे, तो काढून टाकला तरी घर उभं राहील. आपल्या वाड्याचंही हेच ना, खांब, तुळया, त्यावर कडीपाट, आणि भिंत मधे येऊन बसलेली. खण मोजून घर सांगायची आपली जी पद्धत आहे ती या सांगाड्यातूनच आली.

आता तिरकी लाकडं का, तर घरी करून बघा, चार पट्ट्या घ्या, चारी कोपऱ्यांत एकेक खिळा मारून चौकोन करा आणि वरच्या कोपऱ्याला बोटाने ढकला, चौकोन लगेच कलंडतो. मग त्यात एक पट्टी तिरकी मारा, हलत नाही. त्रिकोण कलंडत नाही, संपला विषय. वाऱ्याने, जमीन थोडी खचल्याने, वरच्या वजनाने घर एका बाजूला जाऊ नये म्हणून ती तिरकी लाकडं असतात. आणि सुतार एकदा ती बसवतोच आहे म्हटल्यावर सुंदर का नाही बसवणार, तर मग आकार तयार झाले. अल्सासमधे, म्हणजे स्ट्रासबुर्ग ज्या प्रदेशात आहे तिथे, एका आकाराला चक्क 'मान' म्हणजे माणूस म्हणतात, मधे उभा खांब, खाली दोन तिरके पाय फाकलेले आणि वर दोन हात उचललेले. एक आकार खुर्चीसारखा वक्र बाजूंचा असतो, तो घरमालकाच्या मानाचा समजला जायचा, आणि शंकरपाळ्याचा आकार भरभराटीचा, मुलाबाळांचा. गाइड सांगतात ते हेच अर्थ आणि लोकांमधे ते रुजलेले आहेत. पण मला विचाराल तर त्या 'माणसा'चं हात-पाय रोवून उभं राहणं हाच त्याचा खरा अर्थ आहे, तो घर धरून उभा आहे.

अजून एक, तुम्ही पुन्हा गेलात तर जुन्या लाकडावर जवळून बघा, सांध्यापाशी छिन्नीने मारलेल्या रेघा दिसतात कधीकधी, रोमन आकड्यांसारख्या. अशा घराची अख्खी चौकट सुतार आधी आपल्या अंगणात जमिनीवर आडवी मांडायचे, सांधे जुळवून बघायचे, प्रत्येक लाकडावर नंबर टाकायचे, मग सगळं सोडवून जागेवर नेऊन पुन्हा उभं करायचे. सरळ रेघांचे आकडे अशासाठी की छिन्नीने गोल आकार काढणं किचकट. सांध्यात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार लाकडी खुंटी, आणि त्या खुंटीची भोकं मुद्दाम जराशी सरकवून पाडलेली, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. ओक ओला असतानाच कापायचे, कारण वाळला की तो लोखंडासारखा होतो. मग जागेवर वाळताना तो आकसतो, थोडा पिळतो, म्हणून ती घरं अशी वाकडी दिसतात. वाकडी आहेत, पण सैल नाहीत.

आणि हो, जे सोडवता येतं ते हलवताही येतं. त्याच अल्सासमधे उंगर्सहाइम गावात १९८४ साली एक उघड्यावरचं म्युझियम सुरू झालं, ठिकठिकाणची पाडायला निघालेली अशी घरं सोडवून तिथे नेऊन परत उभी केलीत, अख्खं गाव झालंय. आपल्याकडे वाडा पाडताना सागवानाच्या तुळया ट्रकमधे भरून जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, ते बघून दर वेळी पोटात तुटतं.

प्रश्न: आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चपलांचं काम आहे. कातडी कमवायला घर नाही, पाणी आणि हौद लागतात. मग या लोकांना एवढं तीन-चार मजली घर कशाला? (कोल्हापूरहून)

उत्तर: हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण त्या घराचं छप्पर तुम्हालाच सगळ्यात चांगलं कळेल.

तुमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तिथे ओकची साल दळून वापरायचे, काम मात्र एकच, सालीतलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य कातड्यात मुरवायचं. आधी कातडी पाण्यात भिजवून धुवायची, मग चुन्यात ठेवून केस सैल करायचे, खरवडायचं, पुन्हा धुवायचं, मग हौदात सालीच्या थरांमधे रचून ठेवायची आणि वाट बघायची, जाड कातड्याला वर्षभर, कधी त्याहून जास्त. म्हणजे वाहतं पाणी हाताशी पाहिजेच, म्हणून घर अगदी पाण्याला चिकटून. इल नदी स्ट्रासबुर्गमधे शिरते तिथेच तिचे बरेच फाटे होतात, त्यांच्यावर पिठाच्या गिरण्या होत्या, मासेमार होते आणि हे कातडीवाले होते, या सगळ्या भागाला आज पेटिट फ्रान्स म्हणतात.

पण शेवटची पायरी पाण्याची नाही, हवेची आहे. कमावलेलं कातडं उन्हात टाकलं तर कडक होऊन तडकतं हे मी तुम्हाला काय सांगू. ते सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू वाळायला हवं. आणि गल्लीबोळाच्या शहरात सावली आणि वारा एकत्र मिळतो कुठे, तर छपराखाली. म्हणून या घरांना ती उंच, तीव्र उताराची छपरं, आत एकावर एक माळे आणि माळ्यांच्या बाजू उघड्या ठेवलेल्या, त्यातून वारा आरपार जायचा आणि कातडी टांगलेली असायची. खाली धुणं, वर वाळवणं, अख्खं घर हा एक उभा कारखानाच होता आणि बाहेरून दिसणारा आकार आतल्या कामाने ठरवलेला आहे. मला ही गोष्ट त्या नक्षीपेक्षा जास्त आवडते. आज तिथे कातडी नाहीत, १९४९ पासून रेस्टॉरंट आहे, खिडक्यांमधे लाल फुलांच्या कुंड्या असतात, लोक शूक्रूट म्हणजे आंबवलेला कोबी खायला येतात. छप्पर मात्र अजून तेच सांगतंय.

प्रश्न: 'पेटिट फ्रान्स' म्हणजे छोटा फ्रान्स. शहरच फ्रान्समधे आहे तर हे नाव कसं? (नगर)

उत्तर: कारण घर बांधलं तेव्हा ते फ्रान्समधे नव्हतं. १५७२ साली स्ट्रासबुर्ग हे जर्मन साम्राज्यातलं स्वतंत्र शहर होतं, फ्रान्सने ते घेतलं १६८१ मधे. म्हणून तर ही बांधणी जर्मन वळणाची आहे. आणि नावामागची गोष्ट पोस्टकार्डावर शोभेल अशी नाही, पंधराव्या शतकाच्या शेवटी तिथे सिफिलिसच्या रोग्यांसाठी एक इस्पितळ निघालं आणि जर्मन लोक त्या आजाराला 'फ्रेंच रोग' म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. कातडीचा वास आणि हे इस्पितळ, म्हणजे शहरातली सगळ्यात नकोशी वस्ती ती हीच. १९८८ साली शहराचं जुनं बेट जागतिक वारसा झालं त्यात ही वस्तीही आली.

प्रश्न: ताई, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवतात लाकूड आणि पाणी लांब ठेवा. मग पाण्याला लागून असलेलं लाकडी घर साडेचारशे वर्षं कुजलं कसं नाही? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: याच प्रश्नाची मी वाट बघत होते. तुला जे शिकवलं ते बरोबर आहे पण अर्धं आहे. लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं, आणि बुरशीला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, ओल आणि हवा. दोन्हीतली एक काढून घे, लाकूड टिकतं. पूर्ण बुडलेल्या लाकडाला हवा मिळत नाही म्हणून ते शतकानुशतकं राहतं, आणि ज्या लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहतो तेही राहतं. मरतं ते मधलं, कधी ओलं कधी सुकं, किंवा ओलं होऊन वाळूच न शकणारं.

याचं उदाहरण त्याच शहरात आहे, दहा-बारा मिनिटं चालत गेलीस की स्ट्रासबुर्गचं कॅथेड्रल, एवढा प्रचंड दगडी डोंगर, पण पाया जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर. खुंट भूजलात बुडालेले होते तोवर काही झालं नाही. पुढे भूजलाची पातळी खाली गेली, खुंटांची डोकी उघडी पडली, हवा लागली, कुजायला लागली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेच्या मनोऱ्याखालच्या खांबाला भेगा दिसल्या. योहान क्नाउथ नावाच्या आर्किटेक्टने तो मनोरा उभाच ठेवून खालचा पाया काँक्रीटचा करायचं काम हातात घेतलं, ते १९२६ मधे पुरं झालं. मनोरा १४२ मीटरचा आहे, तो उभा ठेवून खालून पाया बदलायचा, वाचूनच छाती दडपते. म्हणजे बघ, पाणी होतं म्हणून नाही, पाणी गेलं म्हणून लाकूड कुजलं.

आता आपलं घर. या पद्धतीच्या घरात लाकूड कधी थेट जमिनीवर ठेवत नाहीत, खाली दगडाचं जोतं असतं, त्या भागात व्होज डोंगरातला गुलाबी वालुकाश्म मिळतो तो वापरतात, आपल्याकडे खांबाखाली तळखडा असतो तसंच, जमिनीची ओल वर चढू नये म्हणून. मग वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला. त्यामुळे वर जागा वाढते हे खरं, पण पावसाचं पाणी खालच्या भिंतीवर न येता पुढे पडतं. हे मजले गल्लीत किती पुढे आणायचे यावर शहराचं बंधन होतं आणि त्या मापाची खूण कॅथेड्रलच्या दगडावर कोरलेली आहे, कुणी भांडायला आलं तर तिथे जाऊन माप बघायचं! आणि छप्पर एवढं उतरतं की पाणी थांबतच नाही.

पण सगळ्यात हुशारी त्या पांढऱ्या भागात आहे ज्याकडे कुणी बघत नाही. तिथे वीट-सिमेंट नाही. लाकडाच्या दोन खांबांमधे काठ्या अडकवायच्या, त्यात फांद्या विणायच्या आणि त्यावर माती आणि गवताचा काला थापायचा, वरून चुना. तू कोकणातली असतीस तर लगेच ओळखलं असतंस, हा कूड आहे! कुडाची भिंत. माती ओल शोषून घेते आणि कोरड्या हवेत सोडून देते, चुना तिला अडवत नाही, त्यामुळे लाकडात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहते. लाकूड हलतं, आकसतं, माती त्याच्याबरोबर थोडी सरकते, फट पडली तर पुन्हा लिंपता येते. पाणी येणारच, ते परत जाईल कसं एवढंच या लोकांनी बघितलं. तुझ्या प्रोजेक्टमधे भिंतीचा सेक्शन काढशील तेव्हा पाणी आत कसं येत नाही हे दाखवतेसच, बाहेर कसं जातं तेही बाणाने दाखव.

प्रश्न: अशी घरं जळायची नाहीत का? अ‍ॅमस्टरडॅमला असताना ऐकलं होतं की तिथे पूर्वी सगळं लाकडी होतं. (पुणे)

उत्तर: जळायची, खूप जळायची. स्ट्रासबुर्गमधे १२९८ ला मोठी आग लागली होती, कॅथेड्रललाही झळ लागली. अ‍ॅमस्टरडॅम १४२१ आणि १४५२ मधे जळालं, त्यानंतर हळूहळू विटांच्या भिंतींची सक्ती आली आणि १६६९ मधे लाकडी दर्शनी भिंतींवर बंदीच. म्हणून तिथे जुन्या शहरात अशी दोनच घरं उरलीत, एक बेगेनहोफच्या आवारात ३४ नंबरचं आणि दुसरं झेडाइकच्या तोंडाशी १ नंबरचं. पण तिथली कॅनॉलकाठची विटांची घरं आतून बघा, तुळया, माळे सगळं लाकडीच आहे, आणि खाली बुडालेले लाकडी खुंट. जळण्याचं म्हणाल तर पुणेकरांना शनिवारवाड्याची १८२८ ची आग ठाऊकच आहे, दगडी तट राहिला, लाकडी मजले गेले. एक मात्र सांगते, जाड ओक किंवा सागवान लगेच पेटून कोसळत नाही, बाहेरून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही वेळ वाचवतो. पातळ फळ्या आणि गवताची छपरं हीच आग पसरवायची.

प्रश्न: भारतात पाण्याकाठी अशी लाकडी चौकटीची घरं आहेत का? (बडोद्याहून मराठी वाचक)

उत्तर: आहेत, श्रीनगरला जा. झेलमच्या काठावरची जुनी घरं बघा, त्यातल्या एका पद्धतीला धज्जी देवारी म्हणतात, धज्जी म्हणजे चिंधी, म्हणजे गोधडीसारखी भिंत. लाकडाच्या बारीक बारीक चौकटी आणि तिरक्या पट्ट्या, मधे मातीत बसवलेले विटांचे नाहीतर दगडांचे तुकडे. स्ट्रासबुर्गच्या घराची लांबची बहीणच वाटते. भूकंपात भेग एका चौकटीत पडली तर तिथेच थांबते, सगळी भिंत एकदम येत नाही, आणि २००५ च्या ऑक्टोबरमधल्या काश्मीरच्या भूकंपात अशा घरांनी लोकांना वाचवलं हे अभ्यासकांनी नोंदवलंय. त्या शहरातला नाला मार नावाचा जुना कालवा मात्र १९७० च्या दशकात बुजवून त्यावर रस्ता केला. त्याच्या काठची घरं पाण्याकडे तोंड करून होती. आता ती रस्त्याकडे बघतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: वाईला आमचा वाडा आहे, अंदाजे दीडशे वर्षांचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घ्या, वर वॉटरप्रूफ पेंट, म्हणजे पन्नास वर्षं बघायला नको. करू का? (वाई)

उत्तर: दादा, कृपा करून करू नका. हेच आमच्या भोरच्या वाड्यात झालं म्हणून कळकळीने लिहितेय. माझ्या काकांनी अगदी चांगल्या मनाने, वाडा टिकावा म्हणून, एका ठेकेदाराकडून बाहेरून सिमेंट करून घेतलं, दिसायलाही छान, गुळगुळीत. चार-पाच पावसाळे गेले आणि एका दिवाळीत खांबापाशी पणती ठेवताना आजीला खांबाच्या तळाशी भुसा दिसला. मी बोटाच्या पेराने ठोकून बघितलं तर पोकळ आवाज. जमिनीतली ओल भिंतीत चढत होती, ती पूर्वी मातीतून, चुन्यातून निघून जायची, आता सिमेंटने वाट बंद केली तर ती जाणार कुठे, ती सागवानाच्या खांबात गेली. चार खांबांचे पाय कापून नवीन लाकूड जोडावं लागलं. खर्च सोडा, पण आजी म्हणायची हा खांब माझ्या लग्नातल्या मांडवाचा आहे, तो कापताना ती आत जाऊन बसली.

तर आधी हे बघा. प्रत्येक खांबाचा खालचा वीतभर भाग स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून बघा, टोक सहज आत गेलं तर तिथे कुजलंय. तळखडे नव्या फरशीत गाडले गेलेत का ते बघा, दर वेळी फरशी वर चढते आणि खांबाचा पाय ओलीत जातो, असं असेल तर खांबाभोवतीची फरशी कापून मोकळी करा. पन्हाळी आणि कौलं पावसाआधी ठीक करा, बहुतेक वेळा दुखणं भिंतीत नसतं, छपरात असतं. भिंतीला माती आणि वरून चुन्याचाच गिलावा, चुन्याचं काम जाणणारा गवंडी वाईत शोधलात तर नक्की मिळेल, घाटावरच्या देवळांची कामं चालू असतात तिथे विचारा. कुठे आधीच सिमेंट झालं असेल तर सगळं एकदम फोडू नका, आधी खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा काढा आणि एक उन्हाळा भिंत तशीच वाळू द्या.

वाळवीची बारीक मातीची नळी कुठे चढलेली दिसली तर ती मोडण्याआधी फोटो काढून ठेवा. मला पाठवाल ते फोटो समोरून अख्ख्या वाड्याचे नकोत, खांबाच्या पायाचे, तुळई भिंतीत शिरते त्या जागेचे आणि पन्हाळीखालच्या भिंतीचे पाठवा, जवळून, दिवसाच्या उजेडात.